नोंद नसलेली खोट

टिंगताईला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, मालक राक्षस असेल, नवरा खाष्ट असेल, कसला तरी करार केला असेल. छे! कापडगिरणीचं फाटक सकाळी सातला उघडायचं ते संध्याकाळपर्यंत सताड उघडं. पहारेकरी खुर्चीत डुलक्या घ्यायचा. तरी ही बाई एकोणीस वर्षं तिथून हलली नाही. तिने आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तो धोंडा चारचौघांत दाखवायची तिला लाज वाटत होती. एवढीच गोष्ट आहे, पण नीट सांगायला हवी.

विणकामाच्या हॉलमध्ये चाळीस माग, आणि त्यांच्या डोक्यावर, जिना चढून गेलं की काचेची एक खोली. त्या खोलीत टेबल, दोन स्क्रीन, एक पंखा आणि टिंगताई. मागांवर चालणारा प्रोग्राम तिने लिहिलेला. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून दिवसाकाठी पाच-सात वेळा 'टिंग' असा आवाज यायचा, आणि आला की ही हातातला चहा तसाच ठेवून धाडधाड जिना उतरायची. खालच्या विणकर बायकांनी नाव ठेवलं टिंगताई. तिलाही ते चिकटलं.

आता हे टिंग काय होतं ते सांगतो. कंटाळू नका, सोपं आहे. तिने प्रोग्राममध्ये मागाचा एक साचा केला होता आणि त्या साच्यातून चाळीस माग काढले होते. प्रत्येकाला आपला नंबर, आपला वेग, आपला ताका, म्हणजे कापडाचा तागा. प्रोग्राम लिहायच्या भाषेत काही इव्हेंट तयार मिळतात. बटण दाबलं, खिडकी बंद झाली, असले. पण 'धागा तुटला' हा इव्हेंट कुठून तयार मिळणार? तो आपला आपणच घडवावा लागतो. तिने घडवला. धागा तुटला की मागाने फक्त हाक मारायची, आणि हाकेबरोबर एक पुडकं द्यायचं: कुठला माग, कितवा मीटर, विणकर कोण. हाक ऐकणारे हँडलर तीन. एकाने माग थांबवायचा, दुसऱ्याने लाल दिवा लावायचा, तिसऱ्याने ताक्याच्या वहीत लिहायचं की अमुक मीटरवर धागा तुटला. ऐकतंय कोण, याची मागाला फिकीर नाही. हाक मारली की त्याचं काम संपलं. चोवीस वर्षांच्या पोरीने केलं होतं, आणि सुरेख केलं होतं.

तिसऱ्या हँडलरवर विणकर बायकांचा जीव होता. कारण संध्याकाळी ताका तपासणीच्या टेबलावर जायचा. तिथे कापडात खोट दिसली आणि वहीत नोंद असली, तर धागा तुटला म्हणून सोडून द्यायचे. नोंद नसली, तर ती खोट विणकराच्या नजरेतून सुटली असं धरायचं. एका दिवसात अशा तीन खोटी निघाल्या की बाईचा माग काढून घ्यायचा आणि तिला खाली पॅकिंगमध्ये धाडायचं. गिरणीचा नियमच होता तो.

प्रोग्राम सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी मालकांनी मोठमोठे ग्राहक बोलावले होते. हार-तुरे नव्हते, पण थाट तसाच. आणि एका मागाच्या सेन्सरने रिकामं पुडकं पाठवलं. मीटरचा आकडाच नाही! तिसरा हँडलर तिथे ठेचकाळला, त्याने अख्खा प्रोग्राम आडवा केला आणि चाळीसच्या चाळीस माग धप्पकन बंद. हॉलमध्ये अशी शांतता, की पंख्याचा आवाज ऐकू यावा. मालक तिच्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "हे असं चालणार असेल, तर आपल्या हाताने विणलेलं काय वाईट होतं?" पाहुणे हसले. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्या संध्याकाळी तिने काय केलं, तर तिसऱ्या हँडलरभोवती चार ओळींचं कुंपण घातलं. आत काहीही चुको, ती चूक तिथेच गिळून टाकायची, माग चालू ठेवायचे, आणि फक्त आपल्या टेबलावर टिंग करायचं. टिंग झालं की आपण खाली जायचं, मागावरचा काटा बघायचा, आणि राहिलेली नोंद गुपचूप हाताने करायची. 'चार दिवसांत नीट दुरुस्त करू,' असं ती स्वतःला म्हणाली. माणूस चार दिवस म्हणतो ना, तेव्हा मला तर धडकीच भरते.

नीट दुरुस्त करायचं तर माग बंद ठेवायला हवे होते, सेन्सर बदलायला हवे होते, आणि मुख्य म्हणजे चूक आहे हे बोलायला हवं होतं. तेवढ्यात मालकांनी हॉलमध्ये मोठा फलक लावला. रोजचं कापड किती, माग किती चालू, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात: प्रोग्रामच्या चुका, शून्य. ग्राहक आले की मालक छाती काढून तिथे उभे राहायचे. "शून्य! एवढ्या वर्षांत एक नाही!" टिंगताई ते वरून काचेतून बघायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण ती मूठ एकोणीस वर्षं आवळून धरायची म्हणजे बोटांचं काय होत असेल, याचा विचार म्हण करणाऱ्याने केलेला दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. दोघं पाच तासांच्या अंतरावरच्या गावी गेली. "तू पण चल," नवरा म्हणाला, "तिथेही नोकऱ्या आहेत." ही म्हणाली, "चार महिन्यांत येते." आणि औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायला गेली. एक पलंग, एक शेगडी, भिंतीला मुलीने काढलेलं घर. शनिवारी संध्याकाळी गाडी पकडायची, रविवारी परत. सुट्टी म्हणून कधी नाहीच. मुलगी झाली तीही रविवारी, आणि सोमवारी पाळणा काचेच्या खोलीत. टिंगताईची आई गेली तेव्हा मात्र पाच दिवस घरी राहावं लागलं, त्याला अकरा वर्षं झाली. परत येऊन बघते तर स्क्रीनवर न ऐकलेल्या टिंगांचा आकडा एकतीस. ताके केव्हाच तपासून विकले गेले होते. तिने तो आकडा पुसून शून्य केला आणि कानाला खडा लावला की पुन्हा सुट्टी घ्यायची नाही.

या वर्षी मात्र घोडं गंगेत न्हायलं असं वाटू लागलं. नवऱ्याच्या गावातल्या प्रशिक्षण संस्थेने तिला शिकवायला बोलावलं. एक तारखेला रुजू व्हायचं, सोबत जुन्या मालकाचं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं. बस्स, एवढीच अट. मुलीने फोनवर सांगितलं, "आई, मी कपाटातला मधला कप्पा रिकामा केलाय तुझ्यासाठी. बाबांनी त्यात इस्त्रीचे शर्ट ठेवले होते, मी काढून फेकले."

"फेकले?"

"पलंगावर फेकले गं. तू नक्की येणार ना? चार महिने नाही ना?"

"नाही गं बाई. एक तारीख म्हणजे एक तारीख."

मालकांनी नवा इंजिनियर नेमला. तिशीचा, हुशार, बोलायला गोड. टिंगताईने त्याला सगळं दाखवलं. साचा दाखवला, इव्हेंट दाखवला, हँडलर दाखवले. त्या चार ओळींपाशी आली की मात्र ती स्क्रीन भरकन पुढे सरकवायची. आज सांगू, उद्या सांगू. एकोणीस वर्षांची चोरी कुठल्या तोंडाने सांगायची, आणि तीही परक्या माणसाला? तो म्हणायचा, "मॅडम, फलकावर शून्य आहे म्हणजे प्रश्नच नाही. मी काही हात लावणार नाही." ती हसायची. मला विचाराल तर मला तिचा रागच येतो. पण आपण तरी कुठे सांगतो वेळेवर?

मग बुधवारी संस्थेने मूळ प्रमाणपत्रं दाखवायला बोलावलं. जाऊन-येऊन पूर्ण दिवस. ती नव्या इंजिनियरला म्हणाली, "हा आवाज आला की मला फोन करा. न विसरता." त्याने मान डोलावली. दिवसभर फोन आला नाही, आणि या वेड्या बाईला वाटलं, आज नशीब चांगलं दिसतंय.

गुरुवारी सकाळी जिना चढायच्या आधी सवयीने तिने हॉलमध्ये नजर टाकली. सतरा नंबरच्या मागावर दुसरीच बाई. सतरा नंबर म्हणजे मावशीचा माग. मावशी गिरणीतली सगळ्यात जुनी विणकर, जिभेने तिखट, हाताने लोणी. तुटलेल्या धाग्याला अशी गाठ मारायची की भिंगातून शोधा. टिंगताई धावत वर गेली. टेबलावरचा स्पीकर बंद. आकडा चार.

"आवाज का बंद केलात?"

"अहो मॅडम, उगाच वाजत होता," नवा म्हणाला. "मी फलक बघितला, शून्यच होतं. म्हटलं काहीतरी जुनं राहिलं असेल."

चारही टिंग सतरा नंबरची. सेन्सर थकला होता. माग दिवसभर हाका मारत होता, पुडकं रिकामं जात होतं, हँडलर ठेचकाळत होता, कुंपण चुका गिळत होतं. सगळं तिने लिहिलं होतं अगदी तसंच चाललं होतं.

पॅकिंगमध्ये मावशी खोक्यांना पट्ट्या लावत बसली होती. हिला बघून हसली, पण ते हसू पाहवेना.

"डोळे गेले गं माझे," ती म्हणाली. "चार खोटी सुटल्या. मला वाटलं मी सगळ्या गाठी मारल्यात. एकूण एक आठवतात की मला! पण यंत्रात नोंद नाही म्हटल्यावर काय बोलणार? आपलंच कुठेतरी चुकलं."

"मावशी, असं नसेल..."

"आता तू कशाला धीर देतेस? तुझं यंत्र कधी चुकलंय का?"

टिंगताई तशीच मालकांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्या सगळं ओकली. पहिला दिवस, चार ओळी, टिंग, एकोणीस वर्षं. मालकांनी ऐकून घेतलं. ओरडतील असं तिला वाटत होतं. ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"आणखी कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर! मावशीला माग परत देतो. या वेळी माफ केलं म्हणून सांगतो. तुम्ही त्या नव्याला गुपचूप समजावून द्या, सेन्सर आपण सावकाशीने बदलू. पुढच्या महिन्यात केवढे ग्राहक येतायत, तुम्हाला कल्पना आहे. फलकावरच्या शून्याचा बोभाटा नको." त्यांनी खणातून एक कागद काढला, सही केली, शिक्का मारला आणि पुढे सरकवला. कार्यमुक्तीचं पत्र! "तुम्ही तोंड उघडलंत, तर मात्र मला हे रद्द करावं लागेल. संस्थेला कळवावं लागेल की ही बाई चुका लपवते. खोटं तर नाही ना ते?"

खोटं नव्हतंच. तिने कागद घेतला. हो, घेतला. तुम्ही काय केलं असतं? कप्पा रिकामा करून बसलेली पोरगी डोळ्यांसमोर आली आणि तिने पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

संध्याकाळी फाटकाशी मावशी भेटली.

"माफ केलं गं मालकांनी. देवमाणूस आहे," मावशी म्हणाली. "पण मी ठरवलंय. आपणहून माग सोडते. आज चार सुटल्या, उद्या चाळीस सुटतील. हाकलून देण्यापेक्षा मानाने गेलेलं बरं. माझ्या धाकट्या जावेचं असंच झालं. डोळे गेले म्हणून तिनेही सोडला माग."

टिंगताईचा हात पर्सवर होता. गाडीचं तिकीटही आतच होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. 'गप्प बस,' ती स्वतःला म्हणाली. 'दोन दिवस गप्प बस, मग सुटलीस.' आणि नेमकं त्याच वेळी मावशीने डोळे किलकिले करून समोरची पाटी वाचायचा प्रयत्न केला, लहान मूल करतं तसा. हिच्याने राहवेना.

"तुझे डोळे ठणठणीत आहेत मावशी. चूक माझी होती. यंत्र चुकतं. रोज चुकतं. मी ते लपवत होते."

मावशीला पहिल्यांदा कळेचना. मग टिंगताईने फाटकाच्या खांबाला टेकून तिला सगळं सांगितलं, हाक, पुडकं, तिसरा हँडलर. मावशी चिडली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "म्हणजे तू इथे नसलीस की नोंद होत नाही?"

"नाही होत."

"अकरा वर्षांपूर्वी तुझी आई गेली. पाच दिवस तू नव्हतीस. मी आले होते घरी भेटायला."

एकतीस! पुसून टाकलेला एकतीसचा आकडा टिंगताईला समोर लिहिल्यासारखा दिसला. तेव्हा कुणाचे ताके होते ते, हे तिने बघितलंच नव्हतं. बघायची हिंमत नव्हती.

"त्याच आठवड्यात जावेचा माग काढला," मावशी म्हणाली. "चल. तू स्वतः सांग तिला."

दोन गल्ल्या ओलांडून, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. जाऊ दारातच उभी होती. पंचेचाळिशीची, अंगाने बारीक, जाड फ्रेमचा चष्मा. मावशीने "ही गिरणीतली टिंगताई, हिला काही सांगायचंय" एवढंच म्हटलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. टिंगताईने तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. एका दिवसात तीनदा, आणि एकोणीस वर्षांत एकदाही नाही!

जाऊने स्वतःचे हात उताणे करून बघितले.

"मी डॉक्टरकडे गेले होते तेव्हा," ती म्हणाली. "तो म्हणाला, डोळ्यांना काही झालेलं नाही, किरकोळ नंबर आहे. मी म्हटलं, डॉक्टर माणूस आहे, चुकेल. यंत्र कसं चुकेल? तेव्हापासून मी सुई हातात धरलेली नाही. नवरा शर्टाची बटणं शिंप्याकडून लावून आणतो. पॅकिंगमध्येही भीती वाटायची, खोक्यावरचा नंबर चुकीचा वाचीन. शेवटी तेही सोडलं."

"माझं चुकलं," टिंगताई म्हणाली. तिला रडू आलं, आणि या घरात आपण रडायचं म्हणजे कहर, असं वाटून तिने ते आवरलं.

जाऊ आत गेली. फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढून आणला. झाकण गंजून बसलं होतं, मावशीने काढून दिलं. जाऊने सुई घेतली, पांढरा धागा घेतला, टोक ओठांत ओलं केलं आणि दिव्याखाली धरलं. एका झटक्यात ओवला. काढला, पुन्हा ओवला. तिसऱ्यांदा ओवताना तर ती सुईकडे बघतसुद्धा नव्हती, टिंगताईकडे बघत होती.

"मग अकरा वर्षं मी काय करत बसले?" तिने विचारलं.

मावशीने सुई तिच्या हातातून घेऊन डब्यात ठेवली. मग ती म्हणाली, "उद्या मी हिला घेऊन मालकांकडे जाते. पण तोंडी कोण ऐकणार आमचं? म्हणतील, म्हाताऱ्या बायका, काहीही बरळतात."

"लिहून देते," टिंगताई म्हणाली.

"साध्या कागदावर? कचऱ्यात टाकतील तो. वर म्हणतील, तुमचा तुम्हीच लिहिलात."

हे मात्र खरं होतं. टिंगताईने पर्स उघडली. घडी सोडली. गिरणीचं नाव छापलेला जाड कागद, खाली मालकांची सही, त्यावर गोल निळा शिक्का. हा कागद आमचा नाही, असं मालकांनासुद्धा म्हणता येणार नव्हतं. तिने तो जमिनीवर पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. त्या पाच दिवसांच्या तारखा, एकतीस चुका, आणि कालच्या चार. चुका प्रोग्रामच्या, विणकरांच्या नव्हेत. प्रोग्राम मी लिहिला. खाली सही केली, आणि इतक्या वर्षांत कुणी न घेतलेलं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

जाऊने कागद उलटून बघितला. चष्मा कपाळावर सरकवून पुढची बाजू अक्षर न् अक्षर वाचून काढली.

"अहो, हे तर तुमच्या सुटकेचं पत्र आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नाही का लागणार?"

"लागणार होतं," टिंगताई म्हणाली.

पर्समध्ये फोन वाजत होता. रोज या वेळेला मुलीचा असतो. तिने तो बाहेर काढला, हातात धरला, आणि 'चार महिने' हे शब्द न वापरता हे कसं सांगायचं, याचा विचार करत तो तसाच वाजू दिला.